'तात्पुरता' म्हणजे किती? तळ्याकाठच्या फेरीबद्दल उद्यान व्यवस्थापनाला खुलं पत्र

प्रति,
उद्यान व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

सस्नेह नमस्कार.

तळ्याकाठच्या लाकडी पुलाच्या तोंडाशी एक पत्रा आडवा बांधलेला आहे. त्यावर लाल रंगात लिहिलंय, 'पुढे रस्ता तात्पुरता बंद'. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. हा पत्रा लागला तेव्हा तो नुकता जोडाक्षरं शिकत होता आणि 'तात्पुरता' हा शब्द त्याने याच पत्र्यावर अडखळत वाचला. आता तो सलग वाचतो. मधल्या काळात लाल रंग उडून गुलाबी झालाय आणि पत्रा बांधलेल्या तारेला गंज चढलाय. मागच्या रविवारी त्याने विचारलं, "आई, तात्पुरता म्हणजे किती?" मला काही सांगता येईना. प्रश्न तुमचाच आहे, म्हणून तुमच्याकडे पाठवतेय.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पूल नादुरुस्त होतात आणि दुरुस्तीला वेळ लागतो, हे कुणालाही कळतं. पण गेल्या महिन्यात प्रवेशद्वारापाशी नवा नकाशा लागला आणि त्यात पूल नाहीच. फेरीची हिरवी रेघ पुलाच्या अलीकडे काठ सोडते, गाड्यांच्या रस्त्याला लागते, वाहनतळाला वळसा घालते आणि बरीच पुढे जाऊन पुन्हा पाण्यापाशी येते. खाली लिहिलंय, 'सुधारित फेरी'. म्हणजे तात्पुरतं होतं ते कायमचं झालं, आणि आम्हाला ते नकाशावरून कळलं. हा निर्णय मला मान्य नाही. का, ते सविस्तर लिहिते. पत्र खुलं अशासाठी की कार्यालयाच्या खिडकीतून दिलेल्या दोन अर्जांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

आम्ही तिघं दर रविवारी येतो: मी, मुलगा आणि माझे बाबा. बाबा ७४ वर्षांचे आहेत. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ते लांबणीवर टाकताहेत. हातात काठी असते, पण ती टेकण्यापेक्षा काहीतरी दाखवायलाच जास्त उपयोगी पडते. मुलगा या वाटेवर पहिल्यांदा आला तो बाबागाडीत. मग गाडी ढकलत चालला, मग गाडीत दगड भरून ती मला ढकलायला लावून पुढे पळाला, आणि शेवटी गाडी घरीच राहिली. त्याने त्याच्या आयुष्यातले पहिले तीन किलोमीटर सलग चालले ते याच काठावर. त्या दिवशी घरी येऊन तो पायातले बूट न काढता झोपला.

आता मूळ मुद्दा. तुमच्या नकाशावर फेरी म्हणजे एक रेघ आहे. ती इकडून नेली काय आणि तिकडून नेली काय, शेवटी माणसं गेटपाशीच परत येणार, असा तुमचा हिशेब दिसतो. लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर घेऊन चालून बघितलंत तर हा हिशेब कुठे चुकतो ते लगेच कळेल.

ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचं असेल, तर मुलाला बरोबर मध्यावर कळतं की आता नवीन काही उरलं नाही. पुढचं सगळं पाहून झालेलं असतं. तिथेच ते मातीत बसकण मारतं, तिथेच पाय दुखू लागतात, तिथेच तहान लागते आणि तिथून पुढे आईबापाला ते खांद्यावर घ्यावं लागतं. फेरीवर ही जागाच येत नाही. अर्ध्यावर पोचलात की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब, आणि पुढचं अजून बघायचं असतं. "ते वाकडं झाड आलं की पूल, पूल आला की खडक, खडक आला की घसरगुंडी." मी एवढंच बोलत राहायचे. मुलाला उचलून घ्यायची वेळ माझ्यावर फार क्वचित आली.

बाबांचं गणित निराळं. गुडघा दुखणाऱ्या माणसाला लांबी आधी माहीत असावी लागते. जाऊन परत येणाऱ्या वाटेवर दर पाच मिनिटांनी त्यांच्या मनात हिशेब सुरू होतो, इथून फिरू का, अजून थोडं जाऊ का, परत येताना झेपेल का. फेरीत हा निर्णय गेटपाशी एकदाच घ्यायचा. घेतला की मग माणूस मोकळेपणाने चालतो, गप्पा मारतो, आजूबाजूला बघतो.

आणि वाट चुकण्याची सोयच नाही. पाणी उजव्या हाताला ठेवायचं, बस. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चालत राहिलं की निघालो तिथे पोचतो. नकाशा लागत नाही, फोन लागत नाही, मुलगा चार पावलं पुढे पळाला तर जीव वर होत नाही, कारण तो जाऊन जाऊन जाणार कुठे, याच वाटेने पुढे. 'सहकुटुंब चालण्याजोगी सोपी फेरी' असं तुमच्या जुन्या फलकावर होतं. त्यातलं सोपेपण होतं ते पाण्याच्या या एका खुणेत. तुमच्या नव्या रेघेने पाणी मध्येच हरवतं आणि खूणही जाते.

पुलाबद्दल

बाबांनी आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर म्हणून काम केलं. पत्रा लागला त्याच्या पुढच्याच रविवारी त्यांनी काठी माझ्याकडे दिली, कठड्याला धरून कसेबसे उकिडवे बसले आणि खिशातून घराची किल्ली काढून पुलाच्या खालच्या तुळईला टोचून बघू लागले. अलीकडच्या टोकाला किल्ली लोण्यात जावी तशी आत गेली. हात लांब करून जरा पुढे टोचली तर नुसता टक्क आवाज. "कडेला कुजलाय," ते म्हणाले, "मधे खणखणीत आहे."

का, तेही त्यांनी नातवाला समजावलं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलही लागते आणि हवाही लागते. कायम पाण्याखाली राहिलेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते टिकतं. व्हेनिस शहरातल्या इमारती शेकडो वर्षं चिखलात रुतवलेल्या लाकडी खांबांवर उभ्या आहेत त्या याच कारणाने. वाऱ्यावर सुकणारं लाकूडही टिकतं. जातं ते मधलं, मातीला टेकलेलं, जे कधी धड वाळत नाही आणि कधी धड बुडतही नाही. आपल्या पुलाची दोन्ही टोकं नेमकी तशी मातीत टेकवलेली आहेत. तिथे दगडाच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर तुळई वीतभर उचलून ठेवली असती, तर हा पत्रा कदाचित लागलाच नसता.

बाबांचा अंदाज असा: तुळयांची टोकं बदलायची, खाली ठोकळे द्यायचे, डझनभर फळ्या नव्या घालायच्या. तो चुकीचा असू शकतो, त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त किल्लीने तपासलंय. पण तुमच्याकडून कुणी तेवढं तरी तपासलं का? तपासलं असेल तर अहवाल दाखवा. त्यात पूल पाडण्याजोगा आहे असं निघालं, तर मी माझे शब्द मागे घेईन आणि नव्या पुलाची मागणी करीन.

दुरुस्ती कराल तेव्हा दोन गोष्टी लगे हाथ करून घ्या. जुन्या फळ्या चालण्याच्या दिशेने, म्हणजे लांबीच्या बाजूने मारलेल्या होत्या. बाबागाडीचं पुढचं चाक त्यांच्या फटीत बरोबर अडकायचं. मी दोनदा मुलासकट पुढे कलंडता कलंडता वाचले. फळ्या आडव्या मारल्या आणि फटी पाणी गळण्यापुरत्या बारीक ठेवल्या, की बाबागाडी, चाकाची खुर्ची आणि काठीचं टोक असं सगळंच सुखरूप जातं. दुसरं म्हणजे पूल झाडांच्या सावलीत आहे, पावसात त्यावर शेवाळ धरतं. कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसली तारेची जाळी फळ्यांवर ताणून ठोकली की पाय घसरत नाही. एवढ्या कामाला ना मोठं यंत्र लागतं ना मोठा कंत्राटदार.

आणि त्या पुलावर नेमकं काय होतं तेही सांगते, कारण नकाशा काढणाऱ्याने ते पाहिलं नसावं. तिथे ओढा तळ्याला मिळतो. पाणी उथळ, कडेला पाणकणीस, त्याच्या आडोशाला टिबुकलीची जोडी. टिबुकली हा मुठीएवढा वाटणारा पाणपक्षी, जरा चाहूल लागली की बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. मुलगा पुलाच्या कठड्याला हनुवटी टेकवून आकडे मोजायचा. "बारा, तेरा, चौदा... आजोबा, तिकडे!" आजोबांची काठी नेहमी चुकीच्या दिशेला रोखलेली असायची. एकदा तिचं घरटं दिसलं, पाण्यावर तरंगणारा ओल्या गवताचा चिखलट ढीग. घरटं सोडून जाताना ती चोचीने पाणवनस्पती ओढून अंडी झाकून टाकते. आमच्या डोळ्यांदेखत तिने ती झाकली आणि ती पाण्यात शिरल्यावर तिथे घरटं आहे हे आम्हालाही ओळखू येईना. त्या दिवशी फेरीला दोन तास लागले.

त्याच्या बदल्यात तुम्ही आम्हाला वाहनतळ दिलाय.

वाहनतळाबद्दल

नवीन वळसा मी फोनवर मोजला. फेरी सुमारे चारशे मीटरने वाढली आणि वाढलेली बहुतेक वाट डांबरी रस्त्यावर आहे. फूटपाथ नाही, सावली नाही. रविवारी सकाळी गाड्या तिथे पुढेमागे करत जागा शोधत असतात. सहा वर्षांचं मूल उभ्या दोन गाड्यांच्या मधून निघालं, तर मागे येणाऱ्या ड्रायव्हरला ते दिसतच नाही. त्याचं डोकं गाडीच्या मागच्या काचेच्याही खाली असतं. गेल्या महिन्यात एक गाडी रिव्हर्स येत असताना बाबांनी नातवाची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. झालं काहीच नाही. ड्रायव्हर उतरला, माफी मागितली, त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. पण बाबांचा गुडघा त्या झटक्याने तीन दिवस सुजला होता, आणि मुलगा आता त्या तुकड्यावर माझा हात सोडत नाही. फेरीला आम्ही यायचो ते त्याला हात सोडून चालता यावं म्हणून.

यात ड्रायव्हरचा दोष मी धरत नाही. वाहनतळावर गाड्या पुढेमागे होणारच. मुलांची वाट तिथून नेली, ही चूक आहे.

पाणकणसाबद्दल

ही तक्रार पुलाशी जोडलेली नाही असं वाटेल, पण फेरी चालणाऱ्याला दोन्ही एकाच सकाळी दिसतात.

पूर्वेच्या काठावरचं पाणकणीस आणि लव्हाळं तुम्ही कापून काढलं आणि तिथे हिरवळ लावली. कारण विचारलं तर सांगण्यात आलं की घाण दिसत होतं, सापांची भीती होती. सापांची भीती मी उडवून लावत नाही, मलाही वाटते. पण हिरवळीला खत लागतं. पहिल्या पावसात त्या खताचे पांढरे दाणे उतारावरून पाण्याकडे वाहत गेलेले आम्ही पाहिले. मग त्याच कोपऱ्यात पाण्यावर हिरवा तवंग आला, आणि जवळ गेलं की वास यायला लागला.

खतातल्या फॉस्फरसने तळ्याचं काय होतं, याचा एक जुना आणि गाजलेला प्रयोग आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. १९७३ साली त्यातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडलं, फॉस्फरस मात्र एकाच भागात. फॉस्फरसवाला अर्धा भाग शेवाळाने हिरवागार झाला, पडद्यापलीकडचा तसाच राहिला. विमानातून घेतलेला त्याचा फोटो एकदा बघा, मग वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. असा जो हिरवा थर येतो त्यात नीलहरित शैवाल असलं तर ते विषारीही असू शकतं. काठावर वाकून पाण्यात हात घालणारी सहा वर्षांची मुलं आणि ते पाणी पिणारे कुत्रे, दोघांनाही ते बाधतं. आपल्या तळ्यात कोणतं शैवाल आहे ते मला माहीत नाही. तपासायचं काम तुमचं आहे, आणि तोवर तिथे निदान 'पाण्यात हात घालू नका' असा फलक लागायला हवा होता.

पाणकणीस हेच खत पाण्यात पोचण्याआधी शोषून घेतं. त्याच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो. ते काढल्यापासून पूर्वेचा काठ ढासळतोय आणि एका जागी वाटेची कड सुटून खाली गेलीय. यावर उपाय म्हणून आता दगडी भिंत बांधायची असं कानावर आलंय. म्हणजे फुकट मिळालेली भिंत कापून टाकायची आणि पैसे मोजून दुसरी बांधायची.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहून टाकते. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली त्याच तारखेला इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागा राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या दिवसाचा फलक तुम्हीही काठावर लावला होता, छान मोठा, दोन पक्ष्यांच्या चित्राचा. तो रस्त्यावरून नीट दिसावा म्हणून त्याच्या समोरचं पाणकणीस छाटलेलं होतं.

'सोपी' या शब्दाबद्दल

नव्या फलकावर लिहिलंय: 'फेरी सोपी. वेळ ४० मिनिटे.' हे आकडे कुणाचे? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा दिला, तो अजून वापरात आहे: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जादा. या हिशेबाने जुनी फेरी पाऊण तासाच्या आत होते, खरं आहे. पण तो हिशेब धडधाकट गिर्यारोहकाचा, न थांबता चालणाऱ्याचा. मुंगळा दिसला की थांबणाऱ्या माणसाचा तो नव्हे. आम्हाला दीड तास लागतो आणि आम्ही काही फार हळू नाही. चाळीस मिनिटांवर विसंबून एक पाण्याची बाटली घेऊन आलेली आणि अर्ध्यावर रडकुंडीला आलेली कुटुंबं मी पाहिलीत, त्यांना आमची बाटलीही दिलीय.

वेळेपेक्षा जास्त उपयोगाची माहिती फलकावर नाहीच. पश्चिमेच्या टेकाडावर तीन पायऱ्या आहेत. तीनच, पण त्या आहेत हे बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन तिथवर पोचल्याशिवाय कळत नाही. २० मीटर चालल्यावर एक मीटर चढेल एवढ्या उताराची वाट खुर्ची ढकलणाऱ्याला सहज झेपते. १२ मीटरला एक मीटर ही रॅम्पची शेवटची मर्यादा मानतात, आणि तीही थोड्या अंतरापुरती. पायऱ्यांना वळसा घालून असा रॅम्प काढायला टेकाडाच्या डाव्या अंगाला जागा आहे. मी पावलांनी मोजलीय. रॅम्प होईपर्यंत फलकावर एवढं तरी लिहा: लांबी किती, मातीची वाट किती, पायऱ्या कुठे, बाकं किती अंतरावर, सावली कुठे नाही. सोपी की अवघड ते माणसं आपापलं ठरवतील.

वाटेच्या पृष्ठभागाबद्दल, थोडक्यात

वडाखालच्या तुकड्यात पाऊस पडला की डबकं साचतं. लोक डबक्याच्या कडेने जातात, कड चिखलते, मग अजून कडेने जातात. दोन माणसांची वाट आता सात-आठ पावलं रुंद झालीय आणि झाडाची मुळं उघडी पडलीत. झाडाची अन्नपाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात. माती तुडवून घट्ट झाली की त्यांना हवा मिळत नाही. यावर तुमचा विचार काँक्रीट टाकण्याचा आहे म्हणे. कृपा करून नको. मुरूम आणि दगडाची बारीक कच टाकून रोलर फिरवा आणि वाटेला शंभरात दोन इतका आडवा ढाळ द्या, पाणी आपोआप कडेला जाईल. अशा वाटेवर चाकं चालतात, गुडघ्यांना बरं वाटतं, झाडंही जगतात. दरवर्षी थोडी डागडुजी लागते हे मान्य. काँक्रीटलाही लागते, फक्त ती उशिरा आणि महागात पडते.

बाकी लहानसहान: उत्तरेकडच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. उन्हातल्या दोन बाकांवर कुणी बसत नाही, ती वीस पावलांवर सावलीत हलवता येतील. सायकली वेगाने येतात, त्यांना मनाई नको, वेगाची पाटी पुरे. आणि संपूर्ण काठावर रात्रभर दिवे लावा अशी मागणी काहींनी केलीय, तिच्यावर माझी सही नाही. रात्री तिथे वटवाघळं आणि किडे असतात, त्यांना अंधार लागतो.

चांगलं आहे तेही लिहिलं पाहिजे. घसरगुंडीखालची वाळू वेळच्या वेळी बदलली जाते. पक्ष्यांना ब्रेड घालू नका असं तुमचे माळीकाका न चिडता, दर रविवारी, नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगतात. ते का सांगतात तेही समजावतात: उरलेला ब्रेड पाण्यात कुजतो आणि पक्ष्यांचं पोट नुसतंच भरतं. पाणकणसाबद्दल कुणी त्यांना विचारलं असतं तर ते कापलं गेलं नसतं असं मला वाटतं. हे माझं मत, ते तसं काही बोललेले नाहीत.

आता मागण्या.

पुलाची तपासणी एखाद्या जाणकाराकडून महिन्याभरात करून घ्या आणि अहवाल प्रवेशद्वारापाशी लावा. दुरुस्ती कधी सुरू होणार आणि कधी संपणार, या दोन तारखा त्या पत्र्यावर लिहा. 'तात्पुरता' हा शब्द तारखेशिवाय नको.

नवा नकाशा मागे घ्या. पूल होईपर्यंत फेरी खंडित आहे असं सरळ लिहा आणि वाहनतळातून जाणारी वाट 'सहकुटुंब' म्हणून दाखवू नका. वळसा ठेवायचाच असेल, तर रस्त्याच्या कडेला खांब रोवून निदान दोन माणसं शेजारी चालतील एवढी जागा गाड्यांपासून वेगळी करा.

पूर्वेच्या काठावर हिरवळीला खत घालणं आजपासून थांबवा. पाण्यालगतचा पट्टा पाणकणीस आणि लव्हाळ्याला परत द्या. सापांची काळजी असेल तर वाटेला लागून हातभर जागा मोकळी ठेवा आणि पाणी बघायला दोन-तीन ठिकाणी खिडक्या सोडा, तिथे लाकडी कठडे लावा. दगडी भिंतीचा विचार यानंतर करा. पाण्याची तपासणी करून निकाल लोकांना कळू द्या.

फलक बदला. तीन पायऱ्यांना रॅम्प द्या. वडाखाली काँक्रीट नको. स्वच्छतागृहाची किल्ली गेटवरच्या चौकीत ठेवा.

आणि फेरीबद्दल पुढचा कुठलाही निर्णय घेण्याआधी, ती चालणाऱ्या लोकांना एका सकाळी बोलवा. बैठकीच्या खोलीत नको, काठावरच. बाबागाडीवाले, काठीवाले, धावणारे, पक्षी बघणारे, सगळे येतील. सगळ्यांचं एकमत होणार नाही, हे मीच सांगून ठेवते. धावणाऱ्यांना आमची बाबागाडी कधीच आवडली नाही.

आम्ही रविवारी सकाळी साडेसातला पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी असतो. तुमच्यापैकी कुणी आलात तर बाबा पूल कुठे कुजलाय आणि कुठे खणखणीत आहे ते दाखवतील. उकिडवं बसायला त्यांना जरा वेळ लागतो. किल्ली त्यांच्या खिशात असतेच.

आपली,
तळ्याकाठी नियमित चालणारी एक आई